मामलेदार बोलले, नाव कुणाचं घालू?

प्रश्न: एमएसाठी गोव्याच्या मुंडकार (जमीनमालकाच्या जागेत घर करून राहणारा) कायद्यावर प्रबंध लिहितेय. १९७५चा मूळ कायदा, २०११च्या जनगणनेचे आकडे आणि एका मामलेदारांशी झालेलं बोलणं, या तिन्हींचे लेखक म्हणून कोणाला दाखवू? विभागात संदर्भ देण्याची एपीए (अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन) पद्धत चालते.
– एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर: बाय, कायद्याला लेखक लागत नाही, नाव आणि वर्ष पुरतं. पण नाव पूर्ण लिही, त्यातलं 'गोवा, दमण आणि दीव' गाळू नकोस. ३० मे १९८७ला आपण राज्य झालो, त्याआधी दमण-दीवसकट केंद्रशासित होतो. मी माझ्या प्रबंधात सत्तरच्या दशकातल्या परिपत्रकांपुढेही खुशाल 'गोवा राज्य सरकार' ठोकून दिलं होतं. परीक्षकांनी चष्मा पुसत विचारलं, "हे राज्य तेव्हा कुठं होतं हो?" तोंड दाखवायला जागा राहिली नाही. तेव्हा कागदावर कार्यालयाचं जे नाव छापलंय, तेच उतरव.

जनगणनेचं सोपं आहे. एपीएत सगळ्यात जवळचं कार्यालय लेखक आणि त्याच्या वरचं प्रकाशक. म्हणजे महानिबंधक व जनगणना आयुक्तांचं कार्यालय लेखक, गृह मंत्रालय प्रकाशक. प्रस्तावनेखाली सही करणारे साहेब लेखक होत नाहीत.

खरी गोची मामलेदारांची. तोंडी बोलणं वाचकाला पुन्हा शोधून वाचता येत नाही, म्हणून ते संदर्भसूचीत जात नाही. मजकुरातच कंसात नाव, 'वैयक्तिक संवाद' आणि तारीख दे. हुद्दा वाक्यात येऊ दे, आणि तो त्या दिवशीचाच. उद्या त्यांची बदली झाली तरी तुझा प्रबंध बदलत नाही. पण नाव घालायला त्यांनी हो म्हटलंय का? "माझं नाव नको" म्हणाले असतील तर नुसतं नाव झाकून भागत नाही. आपल्याकडे तालुके बाराच. 'डिचोलीचे मामलेदार' लिहिलंस की चहाच्या गाड्यावरचा माणूसही नाव सांगेल. अशा वेळी तालुकाही गाळ, 'उत्तर गोव्यातील एक महसूल अधिकारी' एवढंच ठेव.

आणि किती मुंडकार अर्ज पडून आहेत असा आकडा त्यांनी बोलता बोलता सांगितला असेल, तर तो तसाच वापरू नकोस. माहिती हक्काखाली अर्ज टाक, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. त्या पत्राला क्रमांक असतो, तारीख असते. प्रत परिशिष्टात जोड.