ठेच लागल्याचं लगेच कळतं, मग ठणका जरा उशिरा का सुरू होतो?

कारण स्पर्श आणि ठणका यांचे संदेश वेगवेगळ्या चेतातंतूंतून जातात आणि ठणक्याचे तंतू फारच संथ असतात. स्पर्श-दाबाचे जाड तंतू सेकंदाला साधारण ३५ ते ७५ मीटर वेगाने संदेश नेतात, तर ठणक्याचे बारीक ‘सी’ तंतू जेमतेम अर्धा ते दोन मीटर. पायाच्या अंगठ्यापासून मज्जारज्जूपर्यंत मीटरभर अंतर धरलं तर हिशोब लागतोच.

हा संदेश म्हणजे तारेतून धावणारी वीज नव्हे. तंतूच्या आवरणातल्या सूक्ष्म वाहिन्या उघडतात, सोडियमचे आयन आत घुसतात, मागोमाग पोटॅशियमचे बाहेर पडतात आणि हाच प्रकार पुढच्या भागात पुन्हा घडतो. ‘सी’ तंतूंत तो तसूतसूने, सगळ्या लांबीवर घडावा लागतो. जाड तंतूंवर मात्र मायलिनचं स्निग्ध वेष्टण असतं. तिथे आयनांची ही ये-जा फक्त वेष्टणातल्या फटींपाशी (रॅनव्हिएरच्या गाठी) होते, त्यामुळे संदेश उड्या मारत जातो. शिवाय तंतू जाड असला की अडथळाही कमी. तंतूंच्या प्रकारांमधले हे फरक शोधल्याबद्दल अर्लँगर आणि गॅसर यांना १९४४ चं नोबेल मिळालं.

मात्र सगळीच वेदना उशिरा येत नाही. ठेचेसरशी तोंडून ‘आई गं’ काढणारी पहिली तीक्ष्ण कळ ‘ए-डेल्टा’ तंतू आणतात. त्यांच्यावर मायलिनचा पातळ थर असतो आणि वेग सेकंदाला ५ ते ३० मीटर. रेंगाळते ती दुसरी, बोथट वेदना.