आईच्या ओट्यामागे आणखी चौघी होत्या

पत्र जर्मनीहून आलंय. थोडं कापून देते.

‘आम्ही दोघं नोकरी करतो. मुलं नऊ आणि पाच वर्षांची. दुपारी ती शाळेत गरम जेवतात. संध्याकाळी सहाला सगळे घरी येतो. आठवड्यातून तीनदा तरी फ्रोझन पिझ्झा, नाहीतर ब्रेड-चीज. रविवारी सासूबाई पुण्याहून व्हिडिओ कॉल करतात आणि विचारतात, आज काय केलंस? मी खोटं सांगते. घरचं, ताजं, पहिल्यापासून हातानं केलेलं जेवण रोज कसं जमवायचं? माझ्या आईला जमायचं. मी पूर्ण ताट करायला घेतलं की नऊ वाजतात आणि मुलं पेंगायला लागतात. डिसेंबरात पुण्याला येतोय, जाताना काय न्यावं तेही सांगा.’

सासूबाईंशी खोटं बोलता त्याबद्दल मी काही म्हणणार नाही. पण ‘आईला जमायचं’ हे जरा तपासून बघू.

तुमची आई पुण्यात कुठं राहते ते पत्रात नाही, म्हणून मी सदाशिव पेठेतल्या माझ्या माहेरच्या ओट्यावरून सांगते. सकाळी नवाच्या आत वरण, भात, भाजी, पोळ्या, कोशिंबीर तयार. आई एकटी करायची, असं आम्ही भावंडं अजून कौतुकानं सांगतो. पण बोळाच्या तोंडाशी गिरणी होती. डबा नेऊन ठेवायचा, ‘गव्हावरच गहू दळा’ एवढं बजावायचं, संध्याकाळी कोमट पीठ घरी. भाजीवाली दारात टोपली टेकवायची आणि मेथीची जुडी थेट आजीच्या पुढ्यात जायची. आईच्या हाती यायची ती निवडून, धुऊन. शेजारच्या काकूंकडून विरजण. आणि साडेआठला पोळ्यांच्या बाई. अर्ध्या तासात पंचवीस पोळ्या लाटून, वर आमटीत मीठ कमी आहे हे ऐकवून जायच्या.

या सगळ्या जणींचं काम तुम्ही संध्याकाळी सहानंतर एकटीनं करायला जाता. नऊ नाही वाजणार तर काय? आणि आजचं पुणं तरी कुठं तसं राहिलंय? संध्याकाळी सातला कोथरूडमधल्या कुठल्याही पोळी-भाजी केंद्रासमोर जाऊन बघा, निम्मी सोसायटी पिशव्या घेऊन उभी असते. मी स्वतः गेली दहा वर्षं पोळी लाटलेली नाही. तुमच्या सासूबाईंनाही एकदा विचाराच, आज पोळ्या कोणी केल्या म्हणून.

तेव्हा आधी ताट लहान करा. मुलं दुपारी गरम जेवतात, म्हणजे तुमची निम्मी लढाई शाळेनंच लढून दिलीय. जर्मन घरांतही संध्याकाळी बरेचदा ब्रेडचं थंड जेवणच असतं. तुम्ही संध्याकाळी एकच गरम पदार्थ करायचा. सोबत काहीतरी कच्चं आणि वाटीभर दही. भाजी वेगळी, आमटी वेगळी, असा हट्ट रविवारसाठी ठेवा.

मग त्या बाकीच्या जणींची सोय रविवारी दीड तासात लावायची. पहिली सोय वरणाची. दोन वाट्या तुरीची डाळ हळद-हिंग घालून कुकरला मऊ शिजवा, घोटा आणि मीठ, आंबट-गोड काहीही न घालता तीन डब्यांत भरून फ्रीजमध्ये टाका. तिकडे तेल लावलेली तूरडाळ मिळते, ती कोमट पाण्यानं दोन-तीनदा चोळून धुवा, नाहीतर वरणाला तेलकट वास राहतो. सोमवारी साधं वरण-भात, तूप-लिंबू. मंगळवारी त्याचीच चिंच, गूळ, गोडा मसाला घालून आमटी. बुधवारी वरणफळं. तूर संपली तर तिकडच्या कुठल्याही दुकानात मसुराची डाळ असते. ती कुकरशिवाय वीस मिनिटांत शिजते, आणि मुलांना फरक कळत नाही.

वरणफळांवर जरा थांबते, कारण तुमच्यासारख्या घराला याहून सोयीचा पदार्थ मला माहीत नाही. पोळ्यांसारखीच कणीक, पण मळताना त्यात हळद, तिखट, मीठ, चिमूटभर ओवा. घट्ट मळा. पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे करायचे. कातणं असेल तर ते काम पाच वर्षांच्याला द्या, वाकडेतिकडे होऊ देत. दुसरीकडे वरणात भरपूर पाणी, फोडणी, गूळ, आमसूल घालून खळखळ उकळी आणा. ‘अगदी आमटीइतकं पातळ’ असं वाटलं तरी आणखी वाटीभर पाणी घाला, कारण कणीक पाणी पिते. मग तुकडे एकेक करून सोडायचे. एकदम ओतले तर गोळा होतो, आणि तो गोळा कालथ्यानं सोडवणं हा स्वयंपाक नाही, शिक्षा आहे. दहा-बारा मिनिटांत तुकड्यांचा पांढुरका कच्चेपणा जातो. याच उकळीत मूठभर फ्रोझन पालक आणि मटार ढकला. पुण्यात भाजी म्हणजे ताटात उजव्या बाजूला वाटीभर. मुलं तेवढंही बाजूला सारतात, पण वरणातून गेलेली भाजी मुकाट पोटात जाते. वर तूप. एका भांड्यात जेवण झालं, आणि भांडंही एकच घासायचं.

दुसरी सोय कडधान्याची. मटकी आठ-दहा तास भिजवून, उपसून, फडक्यात बांधायची, हे तुम्हाला येतं. अडतं ते थंडीमुळे. पुण्यात एप्रिलमध्ये रात्री बांधलेल्या मटकीला सकाळी मोड दिसतात. तुमच्याकडे जानेवारीत दोन दिवस वाट बघाल. बंद ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवा, तेवढी ऊब मटकीला पुरते, दह्यालाही पुरते. पण ओव्हनच्या दारावर चिठ्ठी चिकटवा. लेकीकडे स्वीडनला गेले होते तेव्हा जावयांनी पिझ्झ्यासाठी ओव्हन तापत घातला आणि माझी मटकी फडक्यासकट भाजून निघाली. लहान मुलांना मोड कच्चे देऊ नका, वाफवून द्या.

एक गोष्ट मात्र नीट कान देऊन ऐका. मंद आचेवर तासन् तास शिजवणारं विजेचं भांडं घरात असेल, तर त्यात भिजवलेला राजमा थेट घालू नका. कच्च्या राजम्यात पोटाला बाधणारं एक विष असतं आणि त्या मंद आचेवर ते मरत नाही. राजमा कुकरलाच शिजवा, किंवा आधी निदान दहा मिनिटं, जास्तच, खळखळ उकळा. दुसरं शिळ्या भाताचं. आपल्या आज्या रात्रीचा भात झाकून ओट्यावर ठेवत आणि सकाळी फोडणीचा भात करत. तुमचं घर हिटरनं रात्रभर उबदार असतं. भात झाला की लवकर निववून तास-दोन तासांत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. नुसता परतून तो सुधारत नाही.

फोडणी मात्र रोज ताजी. तीच घरचा वास आणते, आणि तिला दोन मिनिटंही लागत नाहीत. तुमच्याकडे काचेची शेगडी असणार. त्यातली इंडक्शनची असेल तर आपलं चिमुकलं कढलं तिला दिसतच नाही, बूड फार लहान पडतं. साधी तापणारी काच असेल तर उलट अडचण: बटण बंद केलं तरी काच तापलेलीच राहते आणि मोहरी तडतडून झाल्यावर जिरं काळं होतं. तिथं आच कमी करायची नसते, भांडं उचलायचं असतं. तेलात दोन मोहऱ्या टाकून बघा, त्या उडाल्या की बाकीची मोहरी, मग जिरं, भांडं उचला, मग हिंग-हळद. मिरची शेवटी, आणि वर झाकण. नाहीतर छतावरचा धुराचा भोंगा वाजतो आणि खालच्या मजल्यावरचे आजोबा वर येतात. आणि तुमच्या कोणा पाहुण्याला गव्हाचं पथ्य असेल तर हिंगाच्या डबीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचा. बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं.

पोळ्यांच्या बाईंची जागा फ्रीझरला द्या. शनिवारी दोघांनी मिळून वीस पोळ्या करा, अर्धवट भाजा, मध्ये बटरपेपर घाला, गोठवा. दोघांनी म्हटलंय. तुमच्या तीन पानी पत्रात यजमान एकदाच येतात, तेही पिझ्झा आणायला. लाटायला जमत नसेल तर भाजतील. तव्याला माणूस पुरुष आहे की बाई हे कळत नाही.

भाकरी तुटते, असंही तुम्ही लिहिलंय. हात चुकत नाही, पीठ जुनं असतं. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा मुळातच नाही, आणि गिरणीतून कालच आलेल्या पिठात जे थोडं फार धरून ठेवणं असतं ते सहा महिन्यांच्या पाकिटात उरत नाही. स्वीडनला माझ्याही पहिल्या चार भाकऱ्या परातीतच नकाशे झाल्या. मग उकड काढली. वाटीभर पाणी मीठ घालून उकळा, त्यात तितकंच पीठ घालून उलथन्याच्या टोकानं ढवळा, गॅसवरून, म्हणजे तुमच्या काचेवरून, उतरवून दहा मिनिटं झाका. हाताला सोसेल इतपत गरम असतानाच पाण्याचा हात लावत मळा, तळव्याच्या टाचेनं, कडेला भेगा पडेनाशा होईपर्यंत. ही भाकरी लाटलीत तरी चालते, थापायचा अट्टहास नको. तव्यावर टाकली की वरच्या बाजूला पाणी फिरवा, ते सुकता सुकता उलटा. आच नाही म्हणून ती फुलणार नाही असं वाटेल. दुसरी बाजू झाली की पुन्हा उलटून घडी केलेल्या फडक्यानं कडेकडेनं दाबा. फुगते.

भाज्यांसाठी भारतीय दुकानाची शिळी भेंडी शोधत शंभर मैल जाऊ नका. तुमच्या बाजारात नवलकोल ढिगानं असतो, इथं पुण्यात मंडईत तो शोधावा लागतो. कोवळा असेल तर किसून दाण्याचं कूट, लिंबू, साखर घालून कोशिंबीर. शेपू तिकडे काकडीसाठी आणि माशांसाठी चिमुकल्या जुड्यांत विकतात. भाजीला तशा चार-पाच लागतील, भिजवलेली मुगाची डाळ घाला. केशरी भोपळ्याचं दह्यातलं भरीत करा. एप्रिल ते जून रुबार्बचे लालसर दांडे येतात, ते वरणात घातले तर आपल्या चुक्याची आठवण येते. दांडेच फक्त, पानं विषारी असतात, ती घरात आणूच नका.

डब्यात दाण्याचं कूट देण्याआधी शाळेला विचारा, कोणा मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी असू शकते. तीळही त्या यादीत येतात. ओलं खोबरं घाला, काम भागतं.

आणि ज्या दिवशी काहीच झालेलं नसेल त्या दिवशी मऊ भात, मेतकूट, तूप, भाजलेला पापड. हे आजाऱ्याचं जेवण आहे असं कोण म्हणतं ते म्हणू दे. पापड-लोणच्यावर मात्र लक्ष ठेवा. मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे सगळं मिळून एक सपाट चहाचा चमचा, मुलांना त्याहूनही कमी. पिझ्झा घरी न आणण्याचं हेही एक कारण.

आता सामानाचं. भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, आमसुलं न्या. तूप, पेढे, खवा नको, युरोपीय संघात प्रवाशाच्या सामानातून बाहेरचे दुधाचे पदार्थ चालत नाहीत. तूप तिथंच करा. बिनमिठाच्या अर्धा किलो लोण्यातून साधारण ४०० ग्रॅम उतरतं, आणि बेरी मुलांना साखर घालून. ताजा कढीपत्ता, लिंबं, आंबे यांना वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो. नारळाला सूट आहे. सुक्या खोबऱ्याच्या वाट्या बॅगेत टाकू नका, तेलामुळे विमानात त्या ज्वालाग्राही धरतात.

जागा उरली तर भांडी बघा. गोल बुडाच्या कढईचा मोह सोडा, काचेवर ती डोलत बसते. तुळशीबागेत नाहीतर बोहरी आळीत सपाट बुडाची लोखंडी कढई आणि तळहाताएवढ्या बुडाचं फोडणीचं भांडं मागा. दुकानदार प्रत्येक भांड्याला ‘चालतंय की इंडक्शनवर’ म्हणेल. घरून निघताना फ्रीजवरचं एक चुंबक पिशवीत टाका आणि बुडाला लावून बघा. चिकटलं तर घ्या.