दहावीच्या परीक्षेआधीच क्लासवाल्यांचे फोन सुरू झालेत. आमचा नंबर शाळेनेच विकला असेल का?

तुम्ही लिहिलंय की मुलीची बोर्डाची परीक्षा अजून व्हायची आहे आणि नीटच्या क्लासवाल्यांचे रोज तीन-चार फोन येतात. तिचं नाव, तुकडी, नववीचे टक्के, सगळं त्यांना ठाऊक असतं. हे शाळेतूनच गेलं का आणि आता करायचं काय, असा तुमचा प्रश्न.

मी एका अनुदानित शाळेत लिपिक होतो, आता निवृत्त आहे. पैसे घेऊन यादी दिल्याचं मी कधी पाहिलं नाही. फुकट दिलेली मात्र पुष्कळदा पाहिली, आणि खरं सांगायचं तर मीही दिली आहे.

दरवर्षी शाळा उघडली की एखादा टापटीप तरुण मुख्याध्यापकांना भेटायला यायचा. 'सर, दहावीच्या मुलांना मोफत करिअर मार्गदर्शन, एकच तास.' सोबत शाळेला भिंतीवरचं घड्याळ, नाहीतर स्नेहसंमेलनाच्या बक्षिसांचा खर्च. व्याख्यान संपता संपता मुलांच्या हातात चिठ्ठ्या पडायच्या: नाव, तुकडी, आई-वडिलांचे मोबाइल, नववीचे टक्के, पुढे काय व्हायचंय. बाई वर्गात उभ्या असल्यामुळे मुलं त्या परीक्षेच्या पेपरासारख्या मन लावून भरायची. शाळा म्हणणार, आम्ही कुठे काय दिलं? मुलांनीच दिलं की! तुमच्या फोनवाल्याला टक्के माहीत आहेत म्हणजे अशीच चिठ्ठी असावी, असा माझा अंदाज. 'टॅलेंट टेस्ट'चंही तेच. तिथे तर मोबाइल नंबरचे गोल काळे केल्याशिवाय उत्तरपत्रिका पूर्ण होत नाही.

ओळखपत्रांची गोष्ट निराळी. छापणाऱ्याला अख्ख्या वर्गाची एक्सेल फाइल लागते: जन्मतारीख, पत्ता, रक्तगट, फोन. मी ती पेनड्राइव्हवर घालून द्यायचो. छपाई झाल्यावर त्या फाइलचं काय केलंस, हे मी एकदाही विचारलं नाही. ते विचारायचं असतं हेच डोक्यात नव्हतं.

ते डोक्यात आलं निवृत्तीनंतर. माझा नातू ओजस. त्याच्या शाळेच्या ओळखपत्रावर चुकून 'तेजस' छापून आलं. दोन महिन्यांनी सूनबाईंना फोन: 'तेजसच्या मम्मी बोलताय का?' जगात तो तेजस फक्त त्या एका कार्डावर आहे. तेव्हापासून आमच्या घरी प्रत्येक फॉर्मवर नाव जरा वेगळं लिहितात. कुठे मधलं आद्याक्षर, कुठे आजोळचं लाडाचं नाव. फोनवाला कोणत्या नावाने हाक मारतो त्यावरून फॉर्म सापडतो. (शाळेच्या प्रवेशअर्जावर मात्र हा खेळ करू नका, पुढे दाखल्यात दुरुस्ती करताना नाकी नऊ येतात.)

दरवेळी शाळाच असते असंही नाही. सरावाचं एखादं ॲप मुलीने उतरवलं असेल तर नंबर तिथूनही जातो. डिसेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या अध्यक्षांनी बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीवर मुलांचे आणि पालकांचे नंबर विकत घेत असल्याचा आरोप केला होता. कंपनीने तो साफ नाकारला.

आता कायदा. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची प्रत्येक व्यक्ती बालक आहे. तिची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांना हेरून केलेल्या जाहिरातींना बंदी आहे. दंड 200 कोटींपर्यंत. शाळांना थोडी सूट आहे, पण ती शिकवणं आणि मुलांची सुरक्षितता एवढ्यापुरती, क्लासची गिऱ्हाइकं जमवायला नाही. अडचण अशी की नियम आले नोव्हेंबर 2025 मध्ये आणि मुख्य कलमं लागू व्हायला त्यापुढे अठरा महिने. तोवर कागदावर भिस्त.

म्हणून तोंडी भांडू नका. शाळा म्हणेल 'बघतो' आणि विषय संपेल. मुख्याध्यापकांना पत्र द्या: यावर्षी कोणत्या बाहेरच्या संस्थांना वर्गात येऊ दिलं, ओळखपत्रं आणि फीचं ॲप कोणाकडे आहे, त्यांना कोणती माहिती दिली, आणि इथून पुढे आमच्या लेखी संमतीशिवाय देऊ नये. पत्राच्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून हलू नका. शिक्का पडला की तो कागद फायलीला लागतो आणि कोणाला तरी उत्तर तयार करावं लागतं, हे मी खात्रीने सांगतो. शाळा अनुदानित असेल तर हेच प्रश्न माहितीच्या अधिकारात, 'नमुना अ' भरून आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पालक-शिक्षक संघात ओळखीचं कोणी असेल तर पत्रावर आणखी चार सह्या घ्या, एकट्या पालकाला 'तक्रारखोर' ठरवणं फार सोपं असतं.

जाहिरातीचे फोन थांबवायला 1909 वर आपला नंबर नोंदवा. त्यानंतरही साध्या दहा आकडी नंबरावरून जाहिरातीचा फोन आला तर तिथेच तक्रार करता येते, फक्त सात दिवसांच्या आत. तारीख, वेळ आणि नंबर लगेच टिपून ठेवा.