न्यू जर्सीत मार्च संपला तरी बागेत काहीच उगवलेलं नाही. जुन्या मालकांनी लावलेली झाडं मेली असतील का? उपटून टाकू का?

उपटू नका. मे संपेपर्यंत फावडं गॅरेजमध्येच राहू द्या.

गेल्या उन्हाळ्यात तुम्ही घर घेतलंत तेव्हा वाफे भरलेले होते आणि आता नुसत्या काटक्या दिसतात, हे इथे अगदी नेहमीचं आहे. हळदीचं आठवा. थंडीत पानं वाळून जातात, कंद मातीत जिवंत राहतो आणि मृगाचा पाऊस पडला की कोंब वर येतो. इथल्या बहुवर्षायू झाडांचंही तेच, फक्त ती पावसाऐवजी माती तापायची वाट बघतात. ऊब प्रत्येकाला कमी-जास्त लागते, त्यामुळे सगळी एकदम उठत नाहीत.

मी सेंट्रल जर्सीत राहतो. आमच्याकडे मार्चमध्ये हेलेबोरला फुलंसुद्धा असतात. सीडमच्या वाळक्या दांड्यांच्या बुडाशी वाकून बघा, कोबीच्या इवल्या गड्ड्यांसारखे फुटवे दिसतील. मग डेलिलीची पोपटी पाती येतात. त्याच सुमारास पिओनीचे गडद लाल, जाडजूड कोंब माती फोडून वर येतात. माझ्या मते अख्ख्या वसंतात याच्याइतकं देखणं काही नाही, फुलंही नाहीत! पण हे कोंब फार ठिसूळ असतात. पाय पडून मोडला तर त्या कोंबाचं यंदाचं फूल गेलं. पिओनीचे डोळे, म्हणजे मुळावरचे कोंब फुटायचे ठिपके, दोन इंचांपेक्षा खोल गाडले गेले तर झाड जगतं, पण फुलत नाही, म्हणून त्यावर साचलेला मल्च, म्हणजे मातीवर पसरलेला साली-पानांचा थर, हाताने बाजूला करा.

होस्टा एप्रिलमध्ये येतो. घट्ट गुंडाळलेली, टोकदार, जांभळट सुरळी दिसली की तोच. मेच्या सुरुवातीपर्यंत एखाद्या रात्री दंव पडू शकतं आणि त्यात होस्टाची कोवळी पानं काळवंडतात, तेव्हा संध्याकाळी जुनी चादर टाका. हरणांपासून वाचवणं मात्र कठीण. पिओनीला ती सहसा तोंड लावत नाहीत, होस्टा आवडीने खातात.

सगळ्यात जास्त बळी जातात ते उशिरा उठणाऱ्यांचे. थंडीत टिकणारी जास्वंद, बटरफ्लाय वीड आणि बलूनफ्लॉवर मेच्या मध्यापर्यंत, कधी त्याहूनही उशिरापर्यंत काही हालचाल दाखवत नाहीत. म्हणूनच जास्वंदीची जुनी खोडं वीतभर ठेवावीत, जागा लक्षात राहते. फारच शंका आली तर बोटांनी माती थोडी उकरून मूळ दाबून बघा. टणक लागलं तर जिवंत आहे. लिबलिबीत आणि कुजका वास येत असेल तर गेलं.

काटक्यांमध्ये मोठ्या पानांचं हायड्रेंजा असेल तर त्याला कात्री लावू नका. ते झुडूप आहे, त्याच्या बहुतेक जातींच्या कळ्या गेल्या वर्षीच्या फांद्यांवरच धरलेल्या असतात.

उलट प्रकारही असतो. व्हर्जिनिया ब्लूबेल्स लवकर येतात, फुलतात आणि उन्हाळा चढला की पानांसकट गायब होतात. ब्लीडिंग हार्टही उन्हाच्या झळा लागल्या की तसंच करतं. मोकळी जागा समजून तिथे दुसरं काही खुपसू नका. त्यापेक्षा आतापासून दर रविवारी एकाच जागी उभं राहून फोनवर वाफ्यांचा फोटो काढा. ऑक्टोबरमध्ये डॅफोडिलचे कंद लावताना खरी रिकामी जागा कुठे आहे ते त्यावरून कळेल.