मध्ययुगीन चर्च वाचायला घेताय? पोपपासून सुरुवात करू नका

अरे, पोपांची यादी पाठ करत बसू नकोस, सगळे ग्रेगरी आणि इनोसंट एकमेकांत मिसळतात आणि हाती काही लागत नाही. खालून सुरू कर, म्हणजे गावातल्या पॅरिशपासून, एका चर्चखाली येणाऱ्या वस्तीपासून. तिथला पाद्री बाप्तिस्मा करणार, लग्न लावणार, मेल्यावर पुरणार, आणि पिकाचा दहावा हिस्सा चर्चचा, त्याला टाइद म्हणतात, त्यात धान्याच्या पेंढ्या, कोकरं, लोकर सगळं आलं. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने तर प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी कन्फेशन, म्हणजे पाद्र्यापुढे पापांची कबुली, द्यायचं असा नियमच केला. वर बऱ्याच पॅरिशांचा प्रमुख बिशप, बिशपांच्या वर आर्चबिशप, मग रोम, म्हणजे पोप, ती उतरंड एकदा बघून घे, बास.

खरी ताकद कळायला इंग्लंडचा जॉन राजा घे. कँटरबरीचा आर्चबिशप कोण व्हावा यावरून पोप तिसऱ्या इनोसंटशी त्याचं वाजलं, पोपने १२०८ मध्ये अख्ख्या देशावर इंटरडिक्ट, म्हणजे धार्मिक विधींवर बंदी, लावला. म्हणजे बघ, भांडण राजाचं आणि शिक्षा सगळ्या रयतेला, चर्चमधल्या उपासना बंद, मेलेल्यांना पवित्र दफनभूमीत जागा नाही. हे जवळपास सहा वर्षं चाललं! शेवटी १२१३ मध्ये जॉनने राज्यच पोपच्या नावे करून ते मांडलिक म्हणून परत घेतलं, वर्षाला १००० मार्क (तेव्हाचं पैशाचं एकक) द्यायचे कबूल करून. माझ्या मते हे एक प्रकरण नीट वाचलंस ना, की १०७७ चं कनोसा, म्हणजे जर्मन राजा चौथ्या हेन्रीने पोप सातव्या ग्रेगरीची माफी मागितली ते प्रकरण, आपोआप समजेल, तेच पुढचं घे.