विणकामाचा सल्ला : शेतीच्या कामातून सुया कशा चालू ठेवाव्यात?

प्रश्न : आम्ही घरचीच माणसे मिळून लहानसे शेत सांभाळतो. दोन गाई, कोंबड्या, भाजीचे वाफे आणि थोड्या मेंढ्या एवढा पसारा आहे. मला विणकामाची मनापासून आवड आहे, पण सुया हातात घेतल्या की कोणाची तरी हाक येते आणि परत येऊन पाहावे तर कोणती ओळ चालू होती तेच कळत नाही. मुलासाठी घेतलेला वेणीच्या नक्षीचा स्वेटर याच कारणाने दोनदा उसवावा लागला. असे काम हाती घेणेच सोडून द्यावे का?

उत्तर : मुळीच सोडू नका. मात्र गोठ्याशेतात न्यायचे विणकाम आणि घरी बसून करायचे विणकाम वेगळे ठेवा. हाकेसरशी खाली ठेवता येईल असे काम म्हणजे सगळ्या ओळी सुलट विणलेली शाल, साधा गळपट्टा किंवा गोल सुईवरची, म्हणजे लवचीक दोरीने जोडलेल्या दोन टोकांच्या सुईवरची, टोपी. गोल सुईचा मोठा फायदा असा, की मध्येच उठावे लागले तर टाके मधल्या दोरीवर सरकवून ठेवता येतात आणि ते टोकावरून निसटत नाहीत. सरळ सुयांवर अर्ध्या ओळीत थांबलात, तर परत आल्यावर लोकर कोठून लोंबते आहे ते पाहा : ज्या टाक्यातून ती निघते, तो शेवटचा विणलेला टाका असतो आणि ती सुई उजव्या हातात यायला हवी. एवढे पाहिले की उलट्या दिशेने विणत जाण्याची चूक होत नाही.

ओळी पाठ ठेवण्यापेक्षा वीण वाचायला शिकणे शेतकरी घरातल्या बाईला अधिक उपयोगी पडते, असे माझे ठाम मत आहे. सुलट टाका इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा दिसतो, तर उलट टाक्याची आडवी गाठ समोर येते. वेणीच्या नक्षीत ज्या ओळीत टाके एकमेकांवरून ओलांडले जातात तीच ओळ महत्त्वाची असते. मधल्या ओळींत जसे टाके समोर दिसतात तसेच ते विणत जायचे असतात. म्हणून ओलांडणीच्या प्रत्येक ओळीत वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचे छोटे कडे अडकवा आणि तेथून वरचे ‘व्ही’ मोजा. शिवाय नक्षीचा एक फेर पुरा झाला, की बोथट सुईने गुळगुळीत सुती दोरा सुईवरच्या सगळ्या टाक्यांतून ओवून ठेवा. पुढे काही बिघडले तर त्या दोऱ्यापर्यंतच उसवावे लागेल आणि खालचा स्वेटर शाबूत राहील.

आणखी एक गोष्ट मी आग्रहाने सांगते. लोकर शिवायची सुई, टाचण्या आणि धातूच्या बारीक वस्तू गोठ्यात नेऊच नका. गाय चारा फारसा न चावता गिळते आणि त्यातून गेलेली सुई किंवा तार तिच्या पोटाच्या जाळीदार कप्प्यात रुतते, प्रसंगी पुढे हृदयाच्या आवरणापर्यंत पोहोचते. बांबूच्या सुया आणि घट्ट विणीच्या कापडाची तोंड आवळता येणारी पिशवी वापरलीत, तर ही चिंता बरीच कमी होईल आणि गवताच्या टोचऱ्या काड्याही लोकरीत शिरणार नाहीत.

प्रश्न : घरच्या मेंढ्यांची कातरलेली लोकर मी गरम पाण्यात चोळून धुतली, तर ती नमद्यासारखी घट्ट झाली. ती धुवावी कशी?

उत्तर : लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. ओलावा, उष्णता आणि चोळणे एकत्र आले की ते एकमेकांत अडकतात आणि ती गुंतागुंत पुन्हा सुटत नाही. तेव्हा दोष गरम पाण्याचा नाही, चोळण्याचा आहे. प्रथम शेणामातीने माखलेल्या कडा काढून टाका आणि उरलेली लोकर रात्रभर थंड पाण्यात भिजत ठेवा. मग सुमारे 60 अंश सेल्सिअस पाण्यात साबण विरघळवून लोकर त्यात अलगद दाबून बुडवा; धार वरून सोडू नका आणि ढवळूही नका. पाणी कोमट होण्याआधीच लोकर बाहेर काढा, कारण सुटलेली चरबी गार पाण्यात पुन्हा तंतूंवर बसते. खंगाळायचे पाणीही तितपतच गरम असावे. मळ आणि चरबी निघून गेल्यावर वजन बरेच घटते, काही जातींत निम्म्यापर्यंत, त्यामुळे स्वेटरचा अंदाज धुतलेल्या लोकरीवरूनच बांधा. जाडीभरडी लोकर अंगालगत टोचते. तिचे वरून घालायचे जाकीट किंवा बसायचे आसन करावे.

प्रश्न : थंडीत पहाटेच्या कामासाठी कसले हातमोजे विणावेत?

उत्तर : बोटे उघडी ठेवणारे, मनगट पूर्ण झाकणारे. लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तिसऱ्या हिश्श्याएवढी वाफ शोषूनही ओलसर वाटत नाही, म्हणून दवात ती सुतापेक्षा बरी. एक टाका सुलट, एक टाका उलट अशा विणीने मनगट लांब ठेवा आणि नेहमीपेक्षा एका नंबरने बारीक सुई घ्या, म्हणजे वीण घट्ट येईल. धार काढताना मात्र मोजे काढून ठेवा आणि हात धुऊनच कासेला लावा.