हुबेहूब, पण कशाशी?

चित्रपटातील एक शिरस्त्राण आणि त्यासोबतचा लांब कोट आपल्याला घरी हुबेहूब करायचा आहे. त्यासाठी आपण दोनशेच्या वर स्थिरचित्रे जमवली आहेत, पण प्रत्येक चित्रात कोटाचा रंग निराळा आणि शिरस्त्राणाची ठेवण निराळी दिसते, तेव्हा खरे कोणते मानावे आणि थ्रीडी प्रिंटर घेतल्यावाचून काम होईल का, असे आपण विचारले आहे. प्रिंटरचे उत्तर सोपे असल्याने ते नंतर देतो. रंगाचा आणि ठेवणीचा प्रश्न मात्र आधी सोडवावा लागतो, कारण तो न सोडवता कात्री हातात घेतली की तेच काम तीनदा करावे लागते. (मी एकदा चारदा केले आहे.)

हुबेहूब म्हणजे कशाशी हुबेहूब, हे प्रथम ठरवावे. चित्रीकरणाच्या वेळी नटाच्या अंगावर असलेली वस्तू ही एक गोष्ट आणि दिवे, भिंग, फिल्म व रंगसंस्करण यांतून गाळून पडद्यावर आलेले तिचे रूप ही दुसरी गोष्ट. 'द विझार्ड ऑफ ऑझ' या १९३९च्या चित्रपटातील माणिकरंगी बूट पडद्यावर लखलखीत लाल दिसतात, पण त्यांवरील टिकल्या प्रत्यक्षात बऱ्याच गडद होत्या, कारण त्या काळच्या टेक्निकलर प्रक्रियेत भडक लाल रंग नारिंगीकडे झुकत असे. आज कोणी लखलखीत लाल टिकल्या लावल्या तर बूट पडद्यावरच्यासारखे दिसतील, गडद लावल्या तर मूळ बुटांसारखे. दोन्ही बरोबर आहे. या दोहोंच्या मधला एखादा लाल मात्र कशाशीच जुळत नाही. माझे मत विचाराल तर अंगावर घालून मिरवायच्या वेशासाठी पडद्याचा रंग धरावा आणि काचेच्या कपाटात ठेवायच्या वस्तूसाठी मूळ वस्तूचा.

ठेवण बदलती दिसण्यामागे दोन कारणे असू शकतात. पहिले असे की आपण एकाच वस्तूची चित्रे पाहत नसाल. जवळच्या दृश्यांसाठी बारीक काम केलेली प्रत वेगळी, मारामारीसाठी हलकी आणि मऊ प्रत वेगळी, असा चित्रपटांचा रिवाजच आहे, आणि पुढच्या भागांत तर साचेही बदलतात. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधील खलनायक डार्थ व्हेडरचा मुखवटा हाताने घडवलेल्या शिल्पावरून निघालेला असल्याने त्याच्या डाव्या आणि उजव्या बाजू सारख्या नाहीत. त्याच मालिकेतील २००५च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'साठी केलेला मुखवटा मात्र मुद्दाम सममित केलेला होता. संगणकावर अर्धा चेहरा घडवून उरलेला आरशासारखा उलटवणाऱ्यांचा १९७७चा मुखवटा म्हणूनच कधी जमत नाही. तेव्हा आपली चित्रे दृश्यांनुसार वेगळी करा, एकच दृश्य निवडा आणि बाकीची नजरेआड करा.

दुसरे कारण भिंग. रुंद भिंगाने जवळून टिपलेल्या चित्रात नाक पुढे येते आणि कान मागे जातात, त्यामुळे मापे घेण्यासाठी दुरून, लांब भिंगाने टिपलेली सरळ समोरची आणि सरळ बाजूची चित्रेच वापरावीत. मापासाठी चित्रात एखादी बाजारातून तयार आणलेली वस्तू शोधावी: बक्कल, बटण, झिप, काहीही. 'स्टार वॉर्स'चा नायक ल्यूक स्कायवॉकर याच्या पहिल्या लाइटसेबरची, म्हणजे प्रकाशाच्या तलवारीची, मूठ म्हणजे ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशची जुनी दांडी होती, म्हणून तिची मापे अंदाजाने काढण्याची गरज कोणाला पडली नाही. समजा, आपल्या कोटाचे बक्कल प्रत्यक्षात ४० मिलिमीटर रुंद आहे आणि चित्रात ते ८० पिक्सेल भरते, तर त्याच अंतरावरील ११० पिक्सेलचा पट्टा ५५ मिलिमीटरचा निघतो. 'त्याच अंतरावरील' हे शब्द महत्त्वाचे आहेत. मागच्या खांद्यावरील पट्ट्याला हे गणित लागू पडत नाही.

यानंतर ही मापे स्वतःच्या अंगाला लावताना आकडे नव्हे, प्रमाण उचलावे. नट आपल्यापेक्षा वीतभर उंच असेल आणि आपण कोटाची लांबी जशीच्या तशी घेतली, तर कोट अचूक असूनही चुकीचा दिसतो. कोट गुडघ्याच्या किती खाली संपतो आणि पट्टा कमरेच्या नेमका कुठे बसतो, ते पाहावे. शिरस्त्राणाची खांद्यांच्या रुंदीशी तुलना करावी, कारण घरी केलेली बहुतेक शिरस्त्राणे गरजेपेक्षा मोठी होतात.

कोट थेट महागड्या कापडावर बेतू नये. आधी मांजरपाटाचा नमुना शिवून अंगावर घालावा, हात वर करून पाहावा, खाली बसून पाहावे, आणि मगच तो उसवून त्याचे तुकडे कागदी नमुन्यासारखे वापरावेत. मूळ कापड सुती असेल तर बेतण्याआधी धुऊन आटू द्यावे. रंगवायचे असेल तर रंग आणि धागा यांचे नाते लक्षात ठेवावे. मी एकदा तयार शिवलेला पांढरा सुती कोट विटकरी रंगात बुडवला. कापडावर रंग सुरेख चढला, पण शिवणीचा धागा पॉलिएस्टरचा असल्याने त्याने रंग घेतलाच नाही, आणि प्रत्येक शिवणीवर पांढऱ्या टाक्यांची रांग उठून दिसू लागली. ते टाके मी दोन संध्याकाळी बसून कापडाच्या मार्करने एकेक रंगवले. रंगाचा तुकडा ट्यूबलाइटखाली आणि उन्हात, दोन्हीकडे पाहून घ्यावा. एकीकडे जुळलेला रंग दुसरीकडे फसवतो.

शिरस्त्राणासाठी प्रिंटर लागत नाही. थर्माकोलच्या डोक्याला आपल्या डोक्याच्या घेराइतके जाड करून त्यावर प्लॅस्टिकची पातळ फिल्म आणि मग मास्किंग टेप गुंडाळावी, टेपवर शिरस्त्राणाच्या रेषा काढाव्यात आणि त्या रेषांवर कापून तुकडे सपाट करावेत. कागदावर उतरवलेले हेच तुकडे ५ किंवा ६ मिलिमीटर जाडीच्या ईव्हीए फोमवर (दाट, लवचीक फोमच्या तक्त्यांवर) उतरवायचे. फोम ब्लेडची धार फार लवकर खातो, आणि बोथट ब्लेड कापण्याऐवजी फाडते, म्हणून ब्लेड वरचेवर बदलावे. काँटॅक्ट ॲडहेसिव्ह दोन्ही कडांना लावून, ते बोटाला ओले लागेनासे होईपर्यंत थांबावे आणि मगच कडा जुळवाव्यात. एकदा चिकटले की सरकवता येत नाही. रंगाआधी हीट गन सर्वत्र फिरवली की फोमची छिद्रे मिटतात आणि पृष्ठभागावर किंचित चमक येते. ती चमक आली नाही तिथे प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, शोषला जातो.

प्रिंटर असेल तर जरूर वापरा, पण छपाई ही कामाची सुरुवात असते. थरांच्या रेषा १२० नंबरपासून ४०० नंबरपर्यंतच्या सँडपेपरने आणि भरणीच्या प्रायमरने घालवण्यात छपाईपेक्षा जास्त वेळ जातो. शिवाय पीएलए हे छपाईचे नेहमीचे प्लॅस्टिक सुमारे ६० अंश सेल्सिअसला मऊ पडते, त्यामुळे उन्हात बंद गाडीत ठेवलेले शिरस्त्राण वाकडे होऊन बाहेर येते. ॲडहेसिव्ह, स्प्रे आणि रेझिन यांच्या वाफांसाठी साधा धुळीचा मास्क उपयोगी नाही. सेंद्रिय वाफा शोषणाऱ्या कार्ट्रिजचा मास्क लावावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात.

झीज दाखवण्याचे काम शेवटी ठेवा आणि पुन्हा त्याच एका दृश्याकडे पाहा. पात्र शिरस्त्राण उजव्या हाताने काढत असेल तर उजव्या कडेचा रंग आधी उडेल, डाव्या कडेचा नाही. कोट कोपरांशी आणि खिशांच्या तोंडाशी विटेल, पाठीवर सरसकट नाही. काळा पातळ रंग लावून लगेच कापडाने पुसला की तो खाचांत उरतो आणि उंचवट्यांवरून निघून जातो. त्यानंतर मी वस्तू घालतो, त्या दृश्यासारखा एकाच बाजूने दिवा लावतो आणि छायाचित्र काढून निवडलेल्या स्थिरचित्राशेजारी ठेवतो. फरक दिसेल तिथेच पुन्हा हात फिरवतो.